पदार्थांना गुण देऊन सरकारने नियम करावेत का?

कृष्णाकाठ: सप्टेंबर २०२२ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, खाण्याच्या पाकिटावर अर्धा ते पाच तारे छापायचा मसुदा काढला. उष्मांक, साखर, मीठ, संपृक्त चरबी यांचे गुण वजा. फळं, कडधान्यं, प्रथिनं, तंतू यांचे जमा. गोची इथेच आहे. गोडमिट्ट बिस्किटात थोडा कोंडा ढकलला की गुण सुधारले. माझं म्हणणं, गुण मोजा पण तारे नकोत. चिलीत २०१६ पासून ‘साखर जास्त’ असे काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे आहेत. शिक्का बसला की तो माल शाळेत विकायचा नाही, पोरांना त्याची जाहिरातही दाखवायची नाही.

यार्डातला: बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते राव! जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या सांगलीच्या बेदाण्यावर काळा शिक्का मारणार? तासगावात जाऊन सांगा बघू.

कृष्णाकाठ: नाही बसणार. चिलीचा कायदा वरून साखर, मीठ, चरबी घातलेल्या मालालाच लागू आहे.

भडंगवाली: म्हणजे आमच्यावर बसणार. घरगुती धंदा आहे, भडंगात तेल-मीठ-पिठीसाखर वरूनच पडते. तेल कमी केलं तर मसाला चुरमुऱ्याला धरत नाही, सगळा पिशवीच्या तळाशी. मोठ्या कंपन्या माणसं ठेवून रेसिपी बदलतील, आम्ही काय करायचं? आणि साताऱ्याचा कंदी पेढा सुटा विकतात, त्याला ना तारा ना शिक्का. हा कुठला न्याय?

मिरजकर: ताई, धंद्याचं खरं आहे. पण शाळेपासून ५० मीटरात जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, हा नियम २०२० चाच आहे. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर उभं राहून बघा काय चाललंय ते. ‘जास्त’ म्हणजे किती, हे आकड्यात पक्कं नसेल तर निरीक्षक पावती कशावर फाडणार? ब्रिटननं गुणांचा वापर २००७ पासून मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांतल्या जाहिराती अडवायला केला. तो आकडा पाकिटावर छापतही नाहीत. गिऱ्हाइकाला शहाणं करत बसण्यापेक्षा हे बरं.

यार्डातला: निरीक्षकाच्या हातात आकडा आला की हप्त्याचा दरही ठरला म्हणायचा.

मिरजकर: आकडा नाही म्हणून आज हप्ते थांबलेत का?

भडंगवाली: तपासणीचा खर्च सरकारनं उचलावा, छोट्यांना मुदत द्यावी, मग खुशाल शिक्का मारा. पेढ्याचं मात्र कुणी बोललं नाही अजून.