मदत हवी आहे: माउंटन सायकल, १७० मिमीची एन्ड्युरो घेऊ की १५०/१४० ची ट्रेल बाइक? (इंदूर)

टेकडीवाला
नमस्कार मंडळी. रविवारपर्यंत ठरवायचंय, म्हणून थेट विचारतो. एक वापरलेली एन्ड्युरो (अवघड उतारांसाठीची) मिळतेय, पुढे-मागे १७० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबतं, २९ इंची चाकं. दुसरी नवीन ट्रेल बाइक (चढ-उतार दोन्हीसाठीची), पुढे १५०, मागे १४०. भाव जवळपास सारखाच. घरात एकच सायकल ठेवता येईल, चढ, उतार, जंगल सगळं तिच्यावरच. कोणती घेऊ? व्हिडिओ पाहा असं कृपया सांगू नका, महिनाभर तेच करतोय.

राजवाडा_ते_राऊ
दादा, उंची किती, वजन किती, चालवता कुठे? सध्या कोणती सायकल आहे? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

टेकडीवाला
हार्डटेल आहे, म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, फक्त पुढे १०० मिमीचा फोर्क. जंगल म्हणजे आपलंच, तिंछा, सिमरोल, कजलीगड. कधी जानापाव.

मुरूम
मग हार्डटेलच ठेवा. मी नऊ वर्षं याच वाटांवर हार्डटेल चालवतोय. माळव्याचं पठार आहे हे, मनाली नाही. १७० मिमी खर्ची पडेल असा उतार सलग किती वेळ मिळतो इथे? पैसे चांगल्या टायरवर आणि ड्रॉपर पोस्टवर (चालवताना सीट खाली-वर करता येते ती दांडी) घाला.

चेन_आणि_तेल
मुरूमभाऊ, पठार सिमरोलपर्यंतच. पुढे चोरलच्या बाजूला कडा तुटतो आणि सुटे बेसाल्टचे दगड लागतात. तिथे मागचं सस्पेन्शन असलं की चाक जमिनीला धरून राहतं, ब्रेकही नीट लागतो. पण १७० जास्त होतं हे मलाही पटतं. नुसता ट्रॅव्हलचा आकडा पाहू नका. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन ७६ अंशांच्या आसपास असेल तर उभ्या चढावर पुढचं चाक उचलत नाही. जुन्या एन्ड्युरोत तो बराच लेटलेला असतो. वापरलेली कोणत्या सालची?

टेकडीवाला
साल विचारलं नाही. उंची १७१, वजन ८४.

महूकर
ऑफिस पीथमपूरला असेल तर इलेक्ट्रिक सायकल बघा. मी तीच घेतली, राऊवरून रोज जातो, घाम येत नाही.

राजवाडा_ते_राऊ
महूकर, त्यांना जंगलात जायचंय.

मुरूम
पण हार्डटेल सोडायची कशासाठी? कारण कळू द्या ना.

टेकडीवाला
लिहायचं नव्हतं, पण लिहितो. मागच्या डिसेंबरात कालाकुंडच्या उतारावर पडलो, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण तासभर चालवलं की ठणकतं. डॉक्टर म्हणाले धक्के कमी करा. जंगल सोडायची माझी तयारी नाही.

सुखनिवास
अरे दादा, हे पहिल्या ओळीत लिहायचं! टायरमध्ये हवा किती ठेवता?

टेकडीवाला
४५ पीएसआय. पंक्चर होऊ नये म्हणून.

सुखनिवास
मनगट ठणकण्याचं अर्धं कारण तिथेच आहे. २.४ इंची ट्यूबलेस टायर लावला तर तुमच्या वजनाला पुढे २४, मागे २७ पीएसआयपासून सुरुवात करा. दगड टोकदार आहेत, म्हणून मागे जाड केसिंगचा (जाड थराचा) टायर घ्या. उन्हाळ्यात सीलंट (टायरच्या आतला, भोक बुजवणारा द्रव) लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघायचं. ब्रेकचे लिव्हर असे फिरवा की बोटं हाताच्या सरळ रेषेत येतील, मनगट वर मुडपणार नाही. मलाही हा त्रास होता, म्हणून इतकं लिहिलं.

कलाकंदप्रेमी
कालाकुंड निघालंच आहे तर विचारतो, स्टेशनावर पानात कलाकंद अजून मिळतो का? हेरिटेज गाडीने पातालपाणीहून जायचा विचार आहे.

मुरूम
मिळतो. मनगटाचं आधी सांगितलं असतं तर मी हार्डटेलचा हट्ट केलाच नसता. माझं मत बदललं, १५०/१४० घ्या. मात्र २.६ चे टायर लावू नका. जुलैत काळी माती चढली की टायर आणि फ्रेममधली जागा भरते, चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

चेन_आणि_तेल
पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊच नये, वाटेवर चाकोऱ्या पडतात त्या वर्षभर राहतात. मुरमाच्या वाटेवर जावं.
टेकडीवाला, वापरलेली बघायला गेलात तर फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा, ओरखडा अडकला तर सौदा सोडा. सीट धरून सायकल किंचित उचला, मागे ठक् झालं तर पिव्होटचे (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांचे) बेअरिंग गेलेत. ब्रेक कोणत्या तेलाचे तेही विचारा. मिनरल ऑइल आणि डॉट ब्रेक फ्लुइड एकमेकांच्या जागी चालत नाही, सील खराब होतात. गावातल्या एका दुकानात माझ्या ब्रेकमध्ये भलतंच तेल भरलं होतं, दोन्ही बदलावे लागले. आणि फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस साधारण ५० तासांनी लागते. ती स्वतः शिका, इथे बाइक निवडताना तिची सर्व्हिस आपल्याला जमेल का हीच गोष्ट सर्वांत मोठी आहे.

टेकडीवाला
आज दोन्ही बघून आलो. वापरलेलीच्या एका नळीवर नख अडकलं, सीलभोवती तेल होतं. शेवटची सर्व्हिस कधी झाली ते मालकाला सांगता आलं नाही. नवीनवर बसलो, वळणावर हलकी वाटली. १५०/१४० ठरवली.
मागच्या शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त दबतो ती लांबी) ५५ मिमी आहे. सॅग (नुसतं बसल्यावर तो दबतो तेवढं) किती ठेवू?

चेन_आणि_तेल
३०% धरा, म्हणजे साधारण १६ मिमी. हेल्मेट, पाण्याची पिशवी सगळं अंगावर घेऊन मोजा. पुढे २०%. रीबाउंड (दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग) फार हळू ठेवू नका, लागोपाठच्या दगडांवर फोर्क खाली दबून राहतो आणि पुन्हा मनगटालाच मार बसतो.

टेकडीवाला
शॉक पंप (शॉकमध्ये हवा भरायचा) नाही माझ्याकडे. भंवरकुआच्या आसपास कोणाकडे असेल तर शनिवारी एका दिवसासाठी द्याल का? मी येऊन घेऊन जाईन.

सुखनिवास
माझ्याकडे आहे. निरोप टाका.