मदत हवी आहे: विंडोज ७ वर व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप चालेना

मंडळी, प्रश्न बाबांच्या लॅपटॉपचा आहे. पहिल्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज ७ (६४ बिट). "नवीन घ्या" हा सल्ला देणार असाल तर आधी एवढं वाचा: बाबांना डाव्या कोपऱ्यातलं तिसरं चित्र दाबलं की नात दिसते, एवढंच ठाऊक आहे आणि तेवढंच हवंय. मोबाइलवर त्यांना चेहरा नीट दिसत नाही, शिवाय हात थरथरतो, त्यामुळे पलीकडच्यांना निम्मा वेळ छतच दिसतं.

काही महिन्यांपूर्वी ते तिसरं चित्र दाबल्यावर "ही आवृत्ती आता चालणार नाही, अपडेट करा" असं यायला लागलं. अपडेट दाबलं की काहीच होत नाही. बाबांनी कंटाळून लॅपटॉप कपाटात ठेवून दिला. आता मी इथे आलोय तर बाहेर काढलाय. त्याची मूळ बॅटरी कधीच गेली, चार्जर लावूनच चालतो.

आतापर्यंतचे उद्योग असे. माझ्या लॅपटॉपवरून नवा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर आणला. इन्स्टॉल झालं, पण उघडताना "एंट्री पॉइंट नॉट फाउंड" अशी चौकट येते आणि त्यात कर्नेल३२.डीएलएलचं नाव. कम्पॅटिबिलिटी मोडमध्ये सगळे पर्याय लावून पाहिले, चौकट तीच. मग कुठूनतरी अ‍ॅपची जुनी आवृत्ती मिळवली. ती उघडते, पण लॉगिन केल्यावर पुन्हा "अपडेट करा". शेवटी ब्राउझरमधून प्रयत्न केला. क्रोम १०९ आहे, पुढचं घेत नाही. त्यात कॉलची लिंक टाकली की लाल त्रिकोणवालं पान येतं. थोडक्यात, जुनं विंडोज म्हणून सगळीकडूनच दारं बंद.

एका ओळखीच्यांनी कर्नेल३२.डीएलएल नव्या मशीनवरून कॉपी करून टाकायला सांगितलंय. करून बघू का?

(जाता जाता: लॅपटॉप चालू केला की तारीख दर वेळी १ जानेवारी २०१० दाखवतो. ते नंतर बघेन.)

प्रतिसाद १
ती डीएलएल अजिबात कॉपी करू नका! कर्नेल३२ हा विंडोजचाच भाग आहे, अ‍ॅपचा नाही. नव्या विंडोजमधली फाइल तिथे बसवलीत तर अ‍ॅप राहिलं बाजूला, विंडोजच सुरू व्हायचं नाही.

प्रतिसाद २
कंसातलं जे "नंतर बघेन" म्हणताय ना, ते आधी बघा. तुमची दोन दुखणी आहेत आणि तुम्ही ती एकच समजताय.

पहिलं अ‍ॅपचं. नवं अ‍ॅप विंडोजकडे अशी फंक्शनं मागतं जी विंडोज ७ मध्ये नाहीतच. कम्पॅटिबिलिटी मोड मुख्यतः अ‍ॅपला विंडोजची आवृत्ती खोटी सांगतो, नसलेलं फंक्शन कुठून आणणार? मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला थांबवला. अशी बरीच अ‍ॅप्स इलेक्ट्रॉनवर (अ‍ॅप बनवायचा तयार सांगाडा) बांधलेली असतात आणि इलेक्ट्रॉननेही २०२३ मध्ये २३ व्या आवृत्तीपासून ७, ८ आणि ८.१ सोडले. जुनी आवृत्ती उघडते, पण तिला सर्व्हरच आत घेत नाही, तिथे आपल्या हातात काही नाही. अ‍ॅपचा नाद सोडा.

दुसरं दुखणं ब्राउझरचं, आणि ते विंडोजमुळे नसावं. लॅपटॉप महिनोन्‌महिने विजेविना पडून होता, मूळ बॅटरी मेलेली, म्हणजे मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेलही उतरला असणार. साइटच्या प्रमाणपत्रावर (ती साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला) "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. तुमच्या मशीनच्या मते आज २०१० साल आहे, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. लाल पानावर बारीक अक्षरात "सर्ट डेट इनव्हॅलिड" असं काही आहे का?

धागाकर्ता
आहे. आणि आता सांगायलाही लाज वाटते, पण वर मोठ्या अक्षरात "तुमचं घड्याळ मागे आहे" असंच इंग्रजीत लिहिलंय. लाल रंग दिसला की मी वाचायचंच सोडून देतो.

पण इंटरनेट टाइममध्ये जाऊन "अपडेट नाऊ" केलं तरी वेळ घेत नाही.

प्रतिसाद २
नाही घेणार. फरक फार मोठा असला की विंडोज सुरक्षेचं कारण सांगून नकार देतं. आधी तारीख आणि साल हाताने बरोबर करा, मग "अपडेट नाऊ" दाबा.

क्रोमची १०९ हीच विंडोज ७ वरची शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. त्यापेक्षा फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) टाका. मोझिलाने ती जुन्या विंडोजसाठी ठरल्या मुदतीनंतरही सुरक्षा दुरुस्त्या देऊन चालू ठेवली. लिंक उघडल्यावर पान आधी अ‍ॅपकडेच ढकलेल. ती चौकट रद्द करा, मग खाली "ब्राउझरमधून सामील व्हा" असं बारीक दिसेल. एकदा रद्द केल्याशिवाय पुष्कळदा ते दाखवतच नाहीत, लबाड!

प्रतिसाद ३
पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी हलकी, फुकट प्रणाली) चालवून बघा. हार्ड डिस्कला हात न लावता कळेल कॅमेरा चालतो का ते. ४ जीबीत आरामात चालतं, आणि ब्राउझरही ताजा मिळतो. विंडोज ७ नेटवर ठेवणं मला तरी पटत नाही. ठेवायचंच असेल तर फक्त कॉल. बँक, मेल काही नको.

धागाकर्ता
मिंट मलाही आवडेल, पण त्यात तिसरं चित्र तिसऱ्या जागी कसं राहणार? तूर्त फक्त कॉल, हे मान्य.

प्रतिसाद १
आय३ ला दम लागेल. गॅलरी व्ह्यू बंद ठेवा, एकच चेहरा मोठा. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या भानगडीत तर पडूच नका, पंखा विमानासारखा ओरडेल.

धागाकर्ता
झालं! तारीख बदलली, वेळ घेतली, फायरफॉक्स ११५ टाकला. कॅमेऱ्याची परवानगी विचारणारी चौकट पत्त्याच्या पट्टीखाली आली होती, ती मी दोनदा चुकून बंद केली. तिसऱ्यांदा "अलाऊ" दाबलं आणि चित्र आलं. मीटिंगच्या लिंकचा शॉर्टकट करून जुन्या चित्राच्या जागी ठेवलाय, चित्रही तेच लावलंय. बाबांना फरक कळलेला नाही. "एवढे दिवस का लावलेस?" म्हणाले फक्त.

आता सेल. मागचं झाकण उघडलं तर वायर लावलेला, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गोल सेल दिसतोय, वर सीआर२०३२ लिहिलंय. नुसता साधा सीआर२०३२ चालेल की वायरवालाच लागेल? तोपर्यंत चार्जरचं बटण बंद करायचं नाही अशी चिठ्ठी प्लगवर चिकटवून ठेवली आहे.