वेप ‘टीएचसी’चा, मग टेस्ट निगेटिव्ह कशी?

रेवती_कराड:
भाचा मँचेस्टरला शिकतो. परवा त्याच्या रूममेटने कुणाकडून तरी ‘टीएचसीचा’ (म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाचा) म्हणून घेतलेला वेप ओढला. दोनच झुरके. मग ओकाऱ्या, छातीत धडधड, आणि पंधरा मिनिटं नुसता भिंतीकडे बघत बसला. हाक मारली तरी ओ नाही. आता बरा आहे. दुसऱ्या दिवशी भाच्याने लघवी तपासायची पट्टी आणली, तिच्यावर दोन रेघा आल्या. गांजाच होता तर निगेटिव्ह कसा? आणि तिकडे सिंथेटिक गांजा कायदेशीर असतो, हे खरं का?

टवाळ_पेठकर:
दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. पेढे वाटा!

औषधवाली:
पेठकर, ती पट्टी वेगळी. इथे उलटं असतं, लघवीत पदार्थ सापडला की ‘टी’ची, म्हणजे टेस्टची, रेघ उमटतच नाही.

रेवतीताई, मी लीड्सला फार्मसिस्ट आहे. मला संशय ‘स्पाइस’चा, म्हणजे त्याच सिंथेटिक गांजाचा, येतो. पट्टी शोधते ते टीएचसीपासून यकृतात तयार होणारं आम्ल. स्पाइसमधल्या रेणूंचा सांगाडाच निराळा, त्यामुळे तिला ते दिसत नाहीत.

यातला गाजलेला जेडब्ल्यूएच-०१८. क्लेमसन विद्यापीठातल्या जॉन डब्ल्यू. हफमन यांनी तो नव्वदच्या दशकात रिसेप्टरच्या अभ्यासासाठी बनवला, ओढायला नव्हे. टीएचसीने मेंदूतले सगळे सीबी१ रिसेप्टर (गांजाचे रेणू जिथे चिकटतात त्या जागा) व्यापले तरी ते अर्धवटच चेतवतं. हा पूर्ण चेतवतो, शिवाय पकड साधारण चौपट घट्ट. आणि शरीराने मोडला तरी त्याचे काही अवशेष काम करतच राहतात. म्हणून दोन झुरक्यांत माणूस आडवा होतो. उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करतात. पुन्हा असं झालं तर पट्टी आणत बसू नका, ९९९ लावा.

कायदेशीर? एके काळी होता. जर्मनीने जानेवारी २००९ मध्ये बंदी घातली, तर चार आठवड्यांत पाकिटांत जेडब्ल्यूएच-०७३ हजर! शेपटीतला एक कार्बन कमी, बस. ब्रिटनने डिसेंबर २००९ मध्ये तो ‘क्लास बी’ या बंदी असलेल्या पदार्थांच्या वर्गात टाकला, अमेरिकेने मार्च २०११ मध्ये शेड्यूल १ या सर्वांत कडक यादीत. आज इथे नुसता जवळ बाळगला तरी ५ वर्षांपर्यंत कैद, विकला तर १४. आणि खरंच टीएचसी निघालं तरी तेही क्लास बीच.

रेवती_कराड:
भाच्याला फोन केला. म्हणतो, वेप फेकून दिला. कुठे, विचारलं तर गप्प.

औषधवाली:
ताई, स्वयंपाकघरातला ड्रॉवर बघायला सांगा.