स्वस्त बिअर, लेबल न बघता: गुण द्या आणि अनुभव लिहा

मंडळी, भारी भारी बिअरवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण आपण रोजच्यातली जी बिअर पितो ती कोणी चाखत नाही, नुसती पितात. एखाद्या भागात एकच मोठा कारखाना असतो, तो माइल्डपासून सुपर स्ट्राँगपर्यंत चारपाच प्रकार काढतो आणि त्या बाटल्या कायम सगळ्यात खालच्या फळीवर उभ्या असतात, तर हा धागा त्यांच्यासाठी आहे.

आम्ही चौघांनी मागच्या महिन्यात अशाच एका कारखान्याचे पाचही प्रकार आणले (नाव देत नाही, उगाच वाद नको) आणि दहापैकी गुण द्यायचे ठरवलं. लेबल दिसू नये म्हणून बायकोने आतल्या खोलीत ओतून ग्लास बाहेर आणले, बुडाला स्केचपेनने आकडे. शेवटी सहावा ग्लास आला तेव्हा म्हणाली हा पाहुणा आहे, महागातला. आम्ही लगेच सरसावून बसलो. पहिल्या ग्लासला आमची सरासरी होती चार, पाहुण्याला आठ, एकाने तर कागदावर "हॉप्सचा क्लास कळतो" असं लिहून ठेवलं (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं). दोन्ही ग्लासात तीच ती माइल्ड होती. बायको दार धरून हसत होती आणि आम्ही एकमेकांचे कागद लपवत होतो.

तर तुम्ही कधी असं केलंय का, काय निघालं, फजिती झाली असेल तर ती आधी लिहा.

*

आधी गुण कशाला किती हे ठरवा. बीजेसीपी म्हणून बिअरच्या परीक्षकांची संस्था आहे, १९८५ पासूनची, त्यांच्या तक्त्यात ५० पैकी चवीला २०, वासाला १२, तोंडातल्या जडपणा-हलकेपणाला ५, एकूण मत १०, आणि रंग-फेस वगैरे दिसण्याला फक्त ३. मी हा तक्ता वापरायला लागलो तेव्हा कळलं की मी इतकी वर्षं फेस बघूनच निम्मे गुण देत होतो. आणि फेस बसला म्हणजे दरवेळी बिअरच वाईट असं नसतं हो, ग्लासला साबण किंवा तेलकटपणा राहिला असेल तरी बसतो. आमच्याकडे एकाने एका बिचाऱ्या लागरला (आपली नेहमीची फिकट पिवळी बिअर) "मेलेली" म्हणून दोन गुण दिले, तीच बाटली नीट विसळलेल्या ग्लासात ओतली तर बोटभर फेस उभा.

*

माझी फजिती उन्हाची. हिरव्या बाटल्यांचा एक अख्खा खोका गच्चीवर अर्धा दिवस राहिला, संध्याकाळी थंड करून उघडला तर असा काही उग्र वास की मित्र म्हणाला गॅस गळतोय का बघ. मी कारखान्याला यथेच्छ शिव्या घातल्या. नंतर कळलं दोष माझा, हॉप्समधल्या कडवट द्रव्यावर उजेड पडला की त्यातून गंधकाचा एक पदार्थ तयार होतो, आणि तो इतका जालीम की नखाएवढासुद्धा लागत नाही. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी कमी, पांढरी जवळजवळ नाहीच, कॅनला हा प्रश्नच नाही. तेव्हापासून स्वस्तातली घ्यायची तर मी कॅनच घेतो, आणि गंमत म्हणजे तीच बिअर कॅनमधून मला दोन गुण जास्त चांगली लागते.

*

एवढं कशाला करता राव. बर्फासारखी थंड करा आणि प्या, सगळ्या सारख्याच लागतात.

*

वरच्या प्रतिसादाला +१ पण उलट्या अर्थाने. थंड केल्यावर सारख्या लागतात कारण जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही, म्हणूनच बाटलीवर एवढं "चिल्ड" लिहितात. चाखायची असेल तर फ्रीजमधून काढून दहापंधरा मिनिटं थांबा, मग बघा कोण उघडं पडतं. मी घरी बिअर बनवतो त्यामुळे मला वासांची खोड लागली आहे. लोण्यासारखा वास आला तर डायअसिटिल, कच्च्या हिरव्या सफरचंदासारखा आला तर अ‍ॅसिटाल्डिहाइड, आणि दोन्ही बहुतेक वेळा एकाच कारणाने, घाई. यीस्ट आधी हे पदार्थ सोडतं आणि शेवटी स्वतःच गिळून टाकतं, पण त्याला चार दिवस द्यावे लागतात, आणि स्वस्त बिअरला टाकीत चार दिवस जास्त ठेवणं म्हणजे टाकी अडकून पडणं. माझी स्वतःची पहिली बिअर अशी लोणकढी झाली होती (शब्दशः!). आता दोन छोट्या भांड्यांत नमुना घेतो, एक झाकून साठेक अंशाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवतो, गार करून दोन्हींचा वास घेतो, गरम केलेल्यात लोणी आलं तर बिअर अजून तयार नाही. आमच्याकडच्या स्वस्त बिअरमध्ये माइल्ड या बाबतीत स्वच्छ निघाली, "प्रीमियम" म्हणून विकतात तिच्यातच लोणी होतं.

*

मी फारशी पीत नाही पण आमच्यांच्या मित्रमंडळात वास घ्यायला मलाच बोलावतात. एकदा एका ग्लासला मी म्हटलं ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, सगळे माझ्यावर हसले. दिरांनी कचऱ्यातून बाटली शोधून तारीख बघितली तर मुदत संपायला आठवडा बाकी! जुनी झालेली, त्यातून उष्ण जागी ठेवलेली बिअर अशीच लागते म्हणे. आता सगळे आधी तारीख बघतात. माझं मत विचाराल तर सगळ्यात स्वस्त बिअर ताजी असेल तर सात, शिळी महागडी तीन.

*

मी काही वर्षं एका ब्रुअरीच्या लॅबमध्ये होतो, कुठल्या ते सोडा. तिथे गुणबिण नंतर, आधी तीन ग्लास समोर, दोन सारखे एक वेगळा, वेगळा ओळखा. नुसत्या अंदाजाने तिघांत एक जण बरोबर येतोच, म्हणून वीसपंचवीस वेळा केल्याशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. घरी करून बघा, आपली आवडती आणि नावडती ठेवा, अहंकार जागेवर येतो.

आणि स्वस्त बिअरला लोक "तांदूळ-मका घालतात म्हणून भिकार" म्हणतात, ते जरा थांबवा. १५१६ चा जर्मनीतल्या बव्हेरियाचा बिअरचा नियम सगळे तोंडावर फेकतात, पाणी, जव, हॉप्स बस, त्यात यीस्टचं नावही नव्हतं. तांदळाने बिअर हलकी आणि कोरडी होते, वाईट नाही होत. उलट इतक्या हलक्या बिअरमध्ये दोष लपवायला जागाच नसते, काळ्या दाट बिअरमध्ये खपून जाईल ते इथे लगेच कळतं. दर वेळी तीच चव काढणं हे आमचं खरं काम होतं आणि त्याला कोणीच गुण देत नाही.

*

स्ट्राँगबद्दल कोणीच लिहीना म्हणून. आठ टक्क्यांची होती, पहिला घोट गोडसर, दुसऱ्याला घशात स्पिरिटसारखी जळजळ. साखर-सिरप घालून अल्कोहोल चढवलेलं आणि आंबवताना तापमान वाढलेलं असलं की असं होतं असं वाचलं होतं, पटलं. ३/१०. पण प्रामाणिकपणे सांगतो, ती मी तिसऱ्या नंबरला चाखली होती आणि त्यानंतरच्या सगळ्यांना सात-आठ देत सुटलो. क्रम महत्त्वाचा, स्ट्राँग शेवटी ठेवा.

*

धागाकर्ता परत. तुमचं वाचून शनिवारी पुन्हा बसलो. ग्लास सोडा-पाण्याने धुतले, कॅन आणले, तारखा बघितल्या, बिअर पंधरा मिनिटं बाहेर, प्रत्येकी फक्त दोन-तीन घोट, स्ट्राँग शेवटी. माइल्ड ६, गव्हाची ६.५, साधी लागर ५, प्रीमियम ४ (लोणी! आता मलाही येतंय, आधी का नाही आलं कोण जाणे), सुपर स्ट्राँग ३. तीन ग्लासांची परीक्षा चौघांनी दिली, विषय माइल्ड विरुद्ध प्रीमियम. तीन नापास. पास झालेली एकटी बायको, आणि ती म्हणते मी वासावरून नाही, रंगावरून ओळखलं. पुढच्या वेळी दिवे बंद.