विमानतळावरचा चहा अन् पार्किंग: सरकारनं दर बांधावेत का?

चिकलठाणकर
कोलकाता विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये 'उडान यात्री कॅफे' हा सरकारी पुढाकाराचा स्वस्त कॅफे सुरू झाला. चहा १० रुपये, समोसा २०. आता आमच्या चिकलठाणा (संभाजीनगर) अन् नांदेड विमानतळांवरही सगळ्या दुकानांचे अन् पार्किंगचे दर असेच बांधा, अशी मागणी होतेय. माझा विरोध आहे. २०१६ च्या विमान वाहतूक धोरणानुसार दुकानं, जाहिराती, पार्किंगच्या कमाईतला ३० टक्के हिस्सा लँडिंग शुल्क अन् यूडीएफ (प्रवाशाकडून तिकिटातच घेतलं जाणारं विमानतळ-वापर शुल्क) कमी ठेवायला धरतात. तिथली कमाई कापली की भार तिकिटावर येणार. चहा न पिणाऱ्यानं तो का भरायचा?

नांदेडचा गडी
अन् उरलेले ७० टक्के? ते चालवणाऱ्याच्या खिशात! शंभर टक्के वळवा, मग बोलू. सिक्युरिटीच्या आत गेलेला माणूस कुठं जाणार, टपरीवर?

चिकलठाणकर
शंभर टक्के वळवले तर दुकानं नीट चालवायची गरज कुणाला वाटेल?

जालन्याचा ट्रॅव्हल्सवाला
दोघंही चहा अन् पार्किंग एकाच तागडीत तोलताय. चहाचा भाव बघून कुणी तिकीट काढत नाही. पार्किंगचा हिशेब मात्र घरूनच होतो. विमान पुण्याहून असलं की आमची गिऱ्हाइकं चार दिवस गाडी तिथं लावण्यापेक्षा रात्रीच्या बसनं जातात, नाहीतर मेव्हण्याला सोडायला लावतात. पार्किंगवाल्याला गिऱ्हाईक तुटायची भीती आहे, आतल्या चहावाल्याला काय? बंधन आत घाला, पार्किंग सोडा.

चिकलठाणकर
बसचं तिकीट तुम्हीच विकता, म्हणून पार्किंग महागच राहू द्या म्हणताय!

लातूरकर सीए
आमच्याकडं धावपट्टी आहे, नियमित प्रवासी विमान नाही, तेव्हा माझा स्वार्थ शून्य. 'ऐरा' हे नियामक २००८ च्या कायद्यातलं. ते मोठ्या विमानतळांचे लँडिंग, यूडीएफ असे दर ठरवतं, चहाचे नाही. २०१९ मध्ये मोठ्याची मर्यादा वर्षाला १५ लाखांवरून ३५ लाख प्रवाशांवर नेली. मराठवाड्यातलं एकही त्यात बसत नाही, म्हणून तिकडं अर्ज करून उपयोग नाही. दुकानाचं भाडं निविदेत चढतं, ते चहात उतरतं. एक स्वस्त काउंटर हवा, ही अट निविदेतच टाका, बाकीच्यांना मोकळं सोडा.

नांदेडचा गडी
एक काउंटर? तो नेमका कोपऱ्यात देतील, अन् सकाळच्या विमानाला बंद. अटीत जागा अन् वेळही लिहून घ्या.

चिकलठाणकर
एवढ्याला माझी हरकत नाही. सगळ्या दुकानांना मात्र अजूनही नाहीच.