मदत हवी आहे: वहिनीच्या बायोप्सीत ‘मिक्स्ड’ आलंय, सोमवारी ऑपरेशन करावं का?

तासगावकर
वहिनीचा बायोप्सीचा रिपोर्ट आला. पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, ‘मिक्स्ड’ लिहिलंय. डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाकू, दादा सोमवारी ॲडमिट करायचं म्हणतोय. करावं का? मिरज की मुंबई? प्लीज लवकर सांगा.

कृष्णाकाठ
कशात काय मिसळलंय? रिपोर्टातली ओळ जशीच्या तशी टाका. वय? एमआरआय झालाय?

वाईची_सून
माझ्या मावशीची पिशवी काढली, आज ठणठणीत आहे. मुंबईच्या वाऱ्या नकोत, काढून मोकळे व्हा.

लॅबवाली
ताई, मावशींना कॅन्सर होता की फायब्रॉइड? फार फरक आहे. कॅन्सर असताना नुसती पिशवी काढली तर आजूबाजूच्या ऊती आणि लसीकाग्रंथी तशाच राहतात, पुढची ट्रीटमेंट अवघड होते. तासगावकर, ओळ टाका.

तासगावकर
‘ॲडिनोकार्सिनोमा विथ स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कंपोनंट, आयएचसी ॲडव्हाइज्ड’. वय ४१. एमआरआय नाही झाला. आयएचसीचं कुणी बोललंच नाही.

लॅबवाली
मग सोमवार थांबवा! ‘मिक्स्ड’ म्हणजे दोन प्रकारच्या कॅन्सर पेशी एकत्र. ॲडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर. त्यात सपाट पेशींचा कॅन्सर मिसळलेला, म्हणजे ॲडिनोस्क्वेमस, असतं तर उपचार बराचसा नेहमीच्या सर्व्हिक्स (पिशवीच्या तोंडाच्या) कॅन्सरसारखाच. पण स्मॉल सेलचा भाग थोडा असला तरी तोच आजाराची चाल ठरवतो, लवकर पसरतो. म्हणून आधी आयएचसी, म्हणजे बायोप्सीच्या तुकड्यावर खास रंग देऊन पेशींचा प्रकार ओळखायची तपासणी (त्यात सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, सीडी ५६ हे मार्कर बघतात), आणि आजार कुठवर पसरलाय ते बघायला एमआरआय आणि पेट सीटी. पक्कं झालं तर सिस्प्लॅटिन-इटोपोसाइडची केमो लागतेच. ऑपरेशन की रेडिएशन, ते स्टेज बघून.

निसर्गप्रेमी_कराड
सोबत गव्हांकुराचा रस सुरू करा. आमच्याकडे गुण आला.

कृष्णाकाठ
केमोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका. सिस्प्लॅटिन किडनीवर जातं, त्यात वरून प्रयोग नकोत.

निसर्गप्रेमी_कराड
रसाने काय होतंय? तुम्हाला सगळंच ॲलोपॅथी लागतं.

शाहूपुरी
माझी मुलगी बारावीत आहे. या कॅन्सरवरची सीरमची लस, सर्व्हाव्हॅक, द्यावी का?

कृष्णाकाठ
द्या, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पेशंटचं चाललंय. तासगावकर, आयएचसीला पुन्हा तुकडा काढावा लागत नाही, आहे त्याच ब्लॉकवर होते. ब्लॉक आणि काचा (स्लाइड्स) घेऊन परळला टाटामध्ये रिव्ह्यू करून घ्या. रात्रीची महालक्ष्मी धरा. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. पुढची केमो आणि रेडिएशन मिरजेतही होतं. महात्मा फुले योजनेचं कार्ड काढलंय का?

तासगावकर
कार्ड आहे. दादाशी बोललो, सोमवार रद्द केला. पण ब्लॉक मागितला तर लेखी अर्ज आणा म्हणाले. ब्लॉक म्हणजे नक्की काय मागायचं?

लॅबवाली
प्लास्टिकच्या छोट्या चौकोनी जाळीवर बसवलेला मेणाचा तुकडा, वहिनींची बायोप्सी त्यातच आहे. कडेला नंबर असतो, तो रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून घ्या. साध्या कागदावर पेशंटचं नाव, तो नंबर, तारीख आणि ‘दुसऱ्या मतासाठी’ एवढं लिहा. वहिनींची सही आणि आधारची झेरॉक्स जोडा. उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.