‘कोरडा’ आवाज म्हणजे नेमका कोणता?

चकोरी:
चित्रपटांच्या पार्श्वसंगीतासाठी मोठ्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण कसे होते, यावरचा एक दीर्घ लेख मी सध्या मराठीत आणते आहे. त्यात एक तंत्रज्ञ सांगतो की पाठलागाच्या प्रसंगासाठी त्याने व्हायोलिने ‘ड्राय’ ठेवली आणि शेवटच्या निरोपाच्या प्रसंगात ‘वेट’ केली. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘कोरडी’ आणि ‘ओली’ असे लिहिले. संपादकांनी समासात विचारले, ‘वादकांनी कोरडे वाजवले, अशी तक्रार आहे काय?’ त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना. कोणी कोरड्या आवाजात उत्तर दिले म्हटले की त्या आवाजात माया नव्हती, हेच आपल्याला कळते. आणि ओला आवाज म्हणजे दाटून आलेला, रडवेला. येथे वादक तेच, वाजवणेही तेच. फरक इतकाच की एके ठिकाणी दालनात घुमणारा आवाज बरोबर आला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो येऊ दिलेला नाही. संपादकांनी अखेर ‘प्रतिध्वनिरहित’ आणि ‘प्रतिध्वनियुक्त’ असे शब्द घातले, ते वाचून निविदासूचना वाचल्यासारखे वाटले. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या तोंडी यासाठी काही शब्द आहे काय?

तारयंत्र:
मी काही वर्षे ध्वनिमुद्रणात सहायक म्हणून काम केले आहे. आमच्या तोंडी ‘ड्राय’ आणि ‘वेट’च असते, किंवा ‘थोडा रूम दे’, म्हणजे खोलीचा घुमणारा आवाज थोडा येऊ दे, असे म्हणतात. ‘कोरडा’ हा शब्दही मी वरिष्ठांकडून ऐकला आहे, आणि त्यात निंदा नसे. फरक कानाने कळावा म्हणून एक अनुभव सांगतो. साठेक वादक बसले होते आणि मुख्य तंत्रज्ञांनी मला पहिल्या व्हायोलिनांजवळचा एकच मायक्रोफोन ऐकवला. गजाचे तारेवर घासणे, राळेची खरखर, खुर्चीची करकर, कोणाचा तरी नाकाने घेतलेला श्वास, पान उलटल्याचा आवाज, असे सगळे त्यात होते. फक्त ‘व्हायोलिनांचा ताफा’ नव्हता, दोन-तीन माणसे वाजवीत होती. मग त्यांनी तो मायक्रोफोन बंद करून वाद्यवृंदसंचालकाच्या डोक्यावरचे तीन उघडले, आणि तीच खरखर विरघळून चौदा जणांचा एक आवाज झाला. नंतर पहिला मायक्रोफोन हळूच, जेमतेम कळेल इतका, परत आणला. ‘मुळात आवाज हा, आणि तो त्याची कड,’ एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून कोरडा आवाज म्हणजे माझ्या लेखी ‘कड असलेला आवाज’ आहे.

निवृत्त मास्तर:
संपादकमहाशयांचा ‘प्रतिध्वनी’ आधी खोडावा, कारण तो शास्त्रदृष्ट्या चूक आहे. मूळ आवाज संपल्यावर तो पुन्हा वेगळा ऐकू आला, तरच त्याला प्रतिध्वनी म्हणतात. आवाजाची जाणीव कानात सुमारे ०.१ सेकंद टिकते. २२ अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर परावर्तक पृष्ठभाग निदान १७.२ मीटर दूर असावा लागतो. दालनात अनेक भिंतींवरून येणारी परावर्तने एकमेकांत मिसळून आवाज रेंगाळतो, त्याला शालेय पुस्तकांत ‘निनाद’ म्हटले आहे. आवाजाची पातळी ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ हे त्याचे माप. तेव्हा निनाद हा शब्द तयार आहे, तो वापरावा.

मुळाक्षर:
मास्तरांशी पूर्ण सहमत आहे. ‘सनिनाद’ आणि ‘अनिनाद’ अशी जोडी करावी, म्हणजे प्रश्न मिटला. घरात शब्द असताना शेजारून उसना मागण्याची सवय आपल्याला जडली आहे.

जवारी:
‘अनिनाद व्हायोलिने’ असे कोणी माझ्यासमोर म्हटले, तर मी तारा तुटल्या असे समजेन. निनाद म्हणजे मराठीत मूळ गाजणारा आवाजच. देवळातल्या घंटेचा निनाद म्हणताना आपण गाभाऱ्याच्या भिंती वेगळ्या काढत नाही, घंटा आणि गाभारा मिळून एकच गोष्ट ऐकतो. तंत्रज्ञाला तर नेमके वेगळे काढायचे आहे. आम्हा वाजवणाऱ्यांकडे ‘आस’ हा शब्द आहे: तार छेडल्यावर जे मागे उरते ते. डग्ग्याच्या बाबतीत ‘घुमारा’ म्हणतात. मला घुमारा अधिक पटतो, कारण त्यात पोकळी आहे. घुमट, घुमणे आणि घुमारा ही एकाच घरातली भावंडे आहेत.

मुळाक्षर:
घुमटाचे नाते फारसी ‘गुंबद’शी सांगतात, त्यामुळे ही भावंडे सख्खी नसावीत. ‘घुमणे’ हे घूं-घूं या आवाजावरून आलेले दिसते.

जवारी:
सख्खी नसतील, पण एका घरात वाढली आहेत. घुमटाखाली उभे राहून कोणीही व्युत्पत्ती विचारत नाही. मुख्य म्हणजे आस वाद्याची असते आणि घुमारा जागेचाही असू शकतो, हा भेद अनुवादात उपयोगी पडावा.

कानसेन:
मला वेगळीच शंका आहे. मराठीत विहीर ‘ठणठणीत कोरडी’ असते, म्हणजे आपल्या कोरडेपणात आवाज आधीच वाजतो आहे. आणि तो घुमणारा आवाज आहे! रिकामे घर घुमते. त्यात गाद्या, पडदे, माणसे आली की आवाज बसतो. म्हणजे ज्या खोलीला हे तंत्रज्ञ कोरडी म्हणतात ती आपल्या विहिरीच्या नेमकी उलट, मऊ वस्तूंनी भरलेली असते. जाता जाता, ‘कोरडा’ म्हणजे चाबूकही. वाद्यवृंदात दोन फळ्या एकमेकींवर आपटून चाबकासारखा फटकारा काढणारे एक वाद्य असते, त्यामुळे ‘कोरडा कोरडा मुद्रित केला’ असे वाक्य शक्य आहे, याची अनुवादिकेने नोंद घ्यावी.

चकोरी:
नोंद घेतली आहे आणि ते वाक्य कटाक्षाने टाळले जाईल. जवारी, तुमचा घुमारा मला आवडला, पण ‘घुमाऱ्याशिवायची व्हायोलिने’ लिहून पाहिले तर चष्म्याशिवायचा माणूस दिसतो. शिवाय लेखात आणखी एक भेद आहे. दालनातच जे मायक्रोफोनमध्ये आले ते एक, आणि नंतर यंत्राने घातले ते दुसरे. दोन्हीला एकच शब्द चालेल का?

तारयंत्र:
चालू नये. येथे वाद्यवृंदाचा आवाज घडतो तो बव्हंशी अंतराने घडतो. डेक्का या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीच्या तंत्रज्ञांनी १९५०च्या दशकात रूढ केलेली तीन मायक्रोफोनची मांडणी आजही पायाभूत मानतात. डावा आणि उजवा मायक्रोफोन एकमेकांपासून साधारण २ मीटरवर, मधला दीडेक मीटर वादकांच्या दिशेने पुढे, आणि सगळे संचालकाच्या डोक्यावर, जमिनीपासून सुमारे ३ मीटर उंचीवर. तिला ‘डेक्का ट्री’ म्हणतात. त्यासाठी नावाजलेला नॉयमनचा एम ५० हा मायक्रोफोन सर्व दिशांनी ऐकतो, पण वरच्या पट्टीतल्या आवाजांना समोरून अधिक झुकते माप देतो. त्यामुळे वादकांपासून दूर असूनही तंतुवाद्ये पुसट होत नाहीत. बाजूला आणखी दोन, मागे सभोवतालच्या वाहिन्यांसाठी काही, आणि प्रत्येक ताफ्याजवळ एकेक. ही मांडणी जितकी वर आणि मागे न्याल तितके दालन जास्त येते. म्हणजे ‘ओलेपणा’ हा पुष्कळदा शिडीवर चढून ठरवलेला असतो.

आता यंत्राचे. अ‍ॅबी रोड या लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहाच्या पहिल्या क्रमांकाच्या स्टुडिओत, जो १९३१ पासून चालू आहे, आवाज सुमारे २.३ सेकंद रेंगाळतो. लंडनच्याच एअर स्टुडिओचे लिंडहर्स्ट हॉल हे षट्कोनी दालन मुळात चर्चची इमारत. तेथे छताखालचे छत्र वरखाली करून निनाद कमीजास्त करता येतो. अशा ठिकाणी दालन हेच एक वाद्य असते. लहान आणि मऊ भिंतींच्या खोलीत मात्र तो परिणाम नंतर घालावा लागतो. पूर्वी त्यासाठी टांगलेला पोलादी पत्रा असे, १९५७चा ईएमटी १४० हा त्यातला प्रसिद्ध. आता संगणकात एखाद्या खऱ्या दालनाच्या निनादाचा ठसा घेऊन कोरडा आवाज त्या ठशातून पार करतात. पहिल्याला निनाद म्हणा, दुसऱ्याला आम्ही निमूटपणे ‘रिव्हर्ब’ म्हणतो.

मुळाक्षर:
‘ट्री’ला ‘वृक्षरचना’ म्हणता येईल.

कानसेन:
म्हणता येईल, पण मग वनमहोत्सवाला कोणाला बोलवायचे तेही ठरवावे लागेल.

निवृत्त मास्तर:
विनोद पुरे. तारयंत्र यांच्या भेदात तथ्य आहे, परंतु श्रोत्याच्या कानाला दोन्ही एकच घटना आहेत. विहिरीचे पाणी आणि नळाचे पाणी यांना आपण पाणीच म्हणतो. ‘दालनाचा निनाद’ आणि ‘कृत्रिम निनाद’, एवढे विशेषण पुरे.

जवारी:
मास्तर, तुमचे दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण चकोरीताईंचा प्रश्न विशेषणाचाच होता, आणि आपण अजून नामातच अडकलो आहोत.

चकोरी:
तेच म्हणणार होते. मुळात पाठलागाला कोरडी आणि निरोपाला ओली असे का, हे कोणी सांगितले तर कदाचित शब्दही सापडेल.

तारयंत्र:
कारण साधे आहे. पाठलागात स्वर भराभर येतात. दोन सेकंद रेंगाळणारा आवाज असेल तर आधीचा स्वर संपण्यापूर्वी पुढचे सात-आठ येतात आणि सगळा लगदा होतो. त्यातच संवाद, गोळ्या, गाड्यांचे ब्रेक यांनाही जागा हवी असते. निरोपाच्या प्रसंगात स्वर लांब असतात, मधल्या शांततेत दालन ऐकू येते आणि प्रसंग मोठा वाटतो. शिवाय चांगले चित्रपटगृह मुद्दामच कमी घुमणारे बांधतात, म्हणजे संवाद स्पष्ट राहतात. संगीतसभेच्या सभागृहासारखी मदत तेथे भिंतींकडून मिळत नाही; जे दालन ऐकवायचे ते मुद्रणातच बरोबर न्यावे लागते. तरीही एकट्या व्हायोलिनची खासगी वेदना दाखवायची असेल, तर निरोपाच्या प्रसंगातही जवळचा, कोरडा आवाज घेतात. तेव्हा संपादकांना सांगा की कोरड्याचा अर्थ ‘मायेशिवाय’ तर नाहीच, कधीकधी तो ‘कानाशी लागून’ असा असतो.

चकोरी:
‘कानाशी लागून’ हे सुरेख आहे. मग ‘जवळून टिपलेली’ आणि ‘लांबून टिपलेली’ असे केले तर?

निवृत्त मास्तर:
जवळून टिपून नंतर कृत्रिम निनाद घातला, तर ते विधान खोटे ठरेल.

तारयंत्र:
मास्तरांचा आक्षेप खरा आहे, आणि गुंता त्याहूनही मोठा आहे. ओबो या फुंकवाद्याजवळचा मायक्रोफोन आणि वरचे तीन यांत १० मीटर अंतर असेल, तर वरच्यांना ओबो साधारण २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. जवळचा मायक्रोफोन तसाच उघडला तर ओबो स्वतःच्याच पुढे धावतो. म्हणून जवळच्या आवाजाला पुष्कळदा मुद्दाम तेवढे थांबवतात. हे जवळून टिपणे झाले की लांबून?

मुळाक्षर:
मला मूळ शब्दच खटकू लागला आहे. ‘मुद्रण’ म्हणजे मुद्रा उमटवणे, जसे आहे तसा शिक्का. येथे तर तंत्रज्ञ अंतर, वेळ, दालन सगळे घडवतो आहे. त्याला ध्वनिमुद्रक म्हणणे अन्याय आहे, ‘ध्वनिशिल्पी’ म्हणावे.

कानसेन:
मुळाक्षर, शुद्धतेचा आग्रह धरता धरता आपण एकदम आलंकारिक झालात! ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द किती वर्षे विनातक्रार फिरतो आहे. शॉन मर्फी हे ‘ज्युरासिक पार्क’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या चौघांपैकी एक, संगीताच्या मुद्रणाची आणि संयोजनाची बाजू त्यांची होती. अशा माणसाला ध्वनिमुद्रक म्हटल्याने त्याचे काही उणे होत नाही.

जवारी:
मी यात मुळाक्षरांच्या बाजूची आहे, हे पाहून मलाच आश्चर्य वाटते. एकदा आमच्या वाद्यमेळाचे मुद्रण झाले आणि ऐकताना माझे वाद्य मला ओळखू येईना. त्यात माझी आस कापली होती आणि कुठल्यातरी भल्या मोठ्या दालनाचा घुमारा चिकटवला होता. शिक्का असा उमटत नाही. शिल्पी म्हणा, नाही तर शिंपी म्हणा, पण मुद्रक नव्हे.

तारयंत्र:
शिंपी जास्त योग्य आहे. हल्ली अनेकदा तंतुवाद्ये सकाळी आणि तुताऱ्या-ट्रोम्बोन दुपारी, असे ताफे वेगवेगळे मुद्रित करतात, आणि नंतर शिवतात. संवादाखाली दिग्दर्शकाला तुताऱ्या नको झाल्या, तर त्या एकट्या खाली घेता याव्यात, हा हेतू. सगळे एकत्र बसले की ते शक्य नसते, कारण तुतारी व्हायोलिनांच्या मायक्रोफोनमध्येही शिरलेली असते. पण वेगवेगळे वाजवताना वादक एकमेकांना ऐकून आपला आवाज आवरत नाहीत. समोर गरजणारी तुतारी नसताना व्हायोलिने ज्या जोराने वाजवायला हवीत, तो जोर येत नाही. मग तो यंत्रावरची आवाज कमीजास्त करणारी पट्टी सरकवून आणावा लागतो, आणि तो आणलेला कळतो. मला एकत्र बसवलेलाच वाद्यवृंद आवडतो.

चकोरी:
माझ्या लेखात पुढच्याच परिच्छेदात हे आहे! एका वाद्याचे दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये असे शिरणे, त्याला तेथे ‘ब्लीड’ म्हटले आहे. ‘रक्तस्राव’ मी लिहिणार नाही. ‘पाझर’ कसा वाटतो? तुतारीचा पाझर व्हायोलिनांत आला, असे.

निवृत्त मास्तर:
पाझर चांगला आहे, कारण तो भिंतीतून येतो आणि अडवता येत नाही.

मुळाक्षर:
पाझर मायेला फुटतो. येथे दोष सांगायचा आहे, तेव्हा ‘गळती’ हवी.

तारयंत्र:
दोष नेहमीच नसतो. संचालकाच्या डोक्यावरचे ते तीन मायक्रोफोन म्हणजे सगळ्यांचा सगळ्यांत पाझरच आहे, आणि आम्ही त्यालाच वाद्यवृंद म्हणतो. वादकांच्या कानातल्या ठेक्याची टिकटिक शांत जागी मायक्रोफोनमध्ये येते, ती मात्र गळती.

कानसेन:
चकोरीताई, शब्द पाण्याचेच घ्यायचे ठरले असेल, तर ‘ओला’ पुन्हा विचारात घ्यायला हरकत नाही.

चकोरी:
लेख परवा द्यायचा आहे. सध्या ‘कोरडी’ तशीच ठेवून ‘म्हणजे दालनाचा निनाद न येऊ देता’ असे पहिल्या वेळी वाक्यातच उलगडले आहे. ‘ओली’ अजून पेन्सिलीत आहे.